रेषेची किंमत

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्याने खराडी मागे पडली की वाघोली लागते. वाघेश्वराचे देवालय आणि जाधवराव घराण्याचा इतिहास यांमुळे हे गाव पूर्वीपासून ओळखीचे आहे. पुढे त्याला आणखी एक ओळख मिळाली, ती दगडांच्या खाणींची. प्राचीन काळी लाव्हारस थिजून जो काळा, कठीण दगड महाराष्ट्रभर पसरला, तोच या खाणींतून निघाला. त्याची खडी झाली आणि ती रस्त्यांच्या व इमारतींच्या पायात गेली. २०२१ मध्ये वाघोलीचा समावेश पुणे महानगरपालिकेत झाला. शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि गाव शहराचा भाग झाले.

दगडाशी ज्यांचा रोजचा संबंध असतो, त्यांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. रेषा फुकट मिळत नाही. काळ्या दगडावर वीतभर सरळ रेघ कोरायची, तर पाथरवटाला छिन्नी-हातोडा घेऊन घाम गाळावा लागतो. मात्र एकदा कोरलेली रेषा पुढे पिढ्यान् पिढ्या टिकते. पाहणारे येतात आणि जातात. रेषेची किंमत पुन्हा कोणाला द्यावी लागत नाही.

आज वाघोलीच्या त्याच उंच इमारतींमध्ये संध्याकाळी घरोघरी आणखी एक प्रकारची रेषा उमटत असते. ती संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर उमटते. मुले व्हिडिओ गेम खेळत असतात. पडद्यावर डोंगर, घरे, माणसे, घोडे धावतात. त्यांतील कित्येक खेळांची चित्रे हुबेहूब खऱ्या जगासारखी नसतात. ती कॉमिक्सच्या पानासारखी असतात: भोवती काळी ठळक रेघ, आत सपाट रंग, सावली असली तर एकाच गडद पट्ट्याची. काही खेळांत तर तशी सोयच केलेली असते. सेटिंगच्या यादीत एक कळ दाबली की खऱ्यासारखे दिसणारे जग क्षणात कॉमिकचे होते. ही रेषाही फुकट मिळत नाही. परंतु तिची किंमत दगडावरच्या रेषेसारखी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी पुष्कळ गैरसमज होतात.

अशा घरांतून नेहमी घडणारा एक प्रसंग घ्यावा. घरात संगणक एकच आणि तोही काही वर्षांचा जुना. थोरली बहीण अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. रात्री तिला त्यावर अभ्यास करायचा असतो. धाकट्या भावाला संध्याकाळचा एक तास खेळायला मिळतो. एके दिवशी तो मोठ्या हौसेने कॉमिकची कळ दाबतो आणि पाहतो तो काय! खेळ अडखळू लागतो. धावणारा घोडा ठेचकाळल्यासारखा दिसतो. संगणकाचा पंखा घोंघावू लागतो आणि यंत्र हाताला गरम लागते.

“ताई, हे असं कसं?” तो विचारतो. “मी तर सोपं चित्र निवडलं. नुसतं कार्टूनसारखं. मग याला इतका दम का लागला?”

“सोपं ते तुला दिसतं,” ताई म्हणते. “काढणाऱ्याला ते सोपं आहे का, हे कधी विचारलंस?”

“आता नवीनच कॉम्प्युटर घ्यावा लागणार. मी बाबांना सांगतो.”

“बाबांना सांगण्याआधी तो करतोय काय, एवढं तरी समजून घे.”

ताईचे म्हणणे योग्य आहे. नवा संगणक म्हणजे मध्यमवर्गीय घराच्या कित्येक महिन्यांच्या बचतीचा प्रश्न. तो सोडवण्यापूर्वी जुना संगणक नेमका कोठे आणि कशासाठी थकतो, हे पाहणे शहाणपणाचे ठरते.

संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच समजावी. अंगणातील रांगोळीत वीस ठिपक्यांच्या वीस ओळी मांडल्या तर चारशे ठिपके होतात. संगणकाच्या नेहमीच्या मोठ्या पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० ठिपके असतात आणि अशा १,०८० ओळी असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके झाले. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. चित्र काढायचे म्हणजे यांतील प्रत्येक ठिपक्याला कोणता रंग द्यायचा, हे ठरवायचे.

परंतु येथे काम संपत नाही. अंगणातील रांगोळी सकाळी घातली की दिवसभर राहते. पडद्यावरची रांगोळी एका सेकंदात साठ वेळा पुसून साठ वेळा नव्याने घालावी लागते. कारण खेळातील घोडा पळतो, ढग सरकतात, खेळणाऱ्याची नजर वळते आणि प्रत्येक क्षणाचे चित्र वेगळे असते. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. एका सेकंदात ६० फ्रेम म्हणजे १२ कोटी ४४ लाख १६ हजार वेळा रंगाचा निर्णय झाला. एका चित्रासाठी संगणकाला मिळणारा अवधी सेकंदाचा साठावा भाग एवढाच असतो. सेकंदाचे हजार भाग कल्पिले, तर त्यांपैकी सुमारे १६.७ भागांत एक संपूर्ण चित्र तयार झालेच पाहिजे.

आता कॉमिकचे चित्र कसे तयार होते ते पाहावे. त्यात मुख्य कामे दोन: रंगांचे पट्टे पाडणे आणि कडांवर रेघ ओढणे.

पट्टे पाडण्याचे काम खरोखरच सोपे आहे. चेंडूवर उन्हाची तिरीप पडली, तर एका बाजूला लख्ख उजेड असतो आणि दुसऱ्या बाजूकडे तो हळूहळू मावळत जातो. ही मावळत जाणारी छटा संगणक हिशेबाने काढतो. पृष्ठभाग उजेडाकडे किती वळलेला आहे, यावरून त्याचा उजळपणा ठरतो. कॉमिकच्या चित्रात त्या हिशेबाच्या शेवटी एकच छोटा प्रश्न विचारला जातो: उजळपणा अमुक मर्यादेच्या वर आहे की खाली? वर असेल तर उजेडाचा रंग, खाली असेल तर सावलीचा रंग. मधल्या छटा गळून पडतात. या एका प्रश्नाला यंत्राचा वेळ नगण्यच लागतो.

खरा खर्च आहे तो रेघेचा. कागदावर चित्र काढणारा माणूस आधी रेघ ओढतो आणि मग रंग भरतो. संगणकाचे नेमके उलटे असते. त्याच्या जगात रेघ नावाची वस्तूच नाही. त्याच्याजवळ असतात असंख्य लहान लहान त्रिकोण. माणूस, झाड, घोडा, देऊळ, सारे त्रिकोणांचे बनलेले असते. डहाणूकडील वारली चित्रकार दोन त्रिकोण टोकाशी जोडून माणसाचे धड उभे करतो. संगणकाला त्याच माणसासाठी हजारो त्रिकोण लागतात. या त्रिकोणांच्या आकृतीभोवती रेघ दिसावी म्हणून काही युक्ती करावी लागते. अशा दोन युक्त्या विशेष प्रचारात आहेत.

पहिली युक्ती अशी. प्रत्येक आकृती दोनदा काढायची. एक नेहमीची आणि दुसरी तिच्यापेक्षा किंचित फुगवलेली, सर्वांगाने काळी. या काळ्या आकृतीची केवळ पाठीकडची बाजू दिसू द्यायची. पुढे रंगीत आकृती आणि तिच्या मागून चोहोबाजूंनी डोकावणारा काळा काठ असे दृश्य तयार होते. पाहणाऱ्याला वाटते की कोणी शाईची रेघ ओढली आहे. युक्ती सुरेख आहे. परंतु जी आकृती वीस हजार त्रिकोणांची होती, तिच्यासाठी आता चाळीस हजार त्रिकोण हलवावे लागतात. चित्रात चार माणसे असली तर हा भार जाणवत नाही. जत्रेतील गर्दी असली की जाणवतो.

दुसऱ्या युक्तीत आकृती दोनदा काढावी लागत नाही. संपूर्ण चित्र आधी तयार होते. मग संगणक प्रत्येक ठिपक्यापाशी थांबतो आणि शेजाऱ्यांची चौकशी करतो. हा ठिपका पाहणाऱ्यापासून किती दूर आहे? शेजारचा किती दूर आहे? या जागी पृष्ठभागाचे तोंड कोणीकडे आहे, शेजारी कोणीकडे आहे? दोघांत एकदम मोठा फरक आढळला, तर तेथे एक वस्तू संपून दुसरी सुरू झाली असे समजायचे आणि तो ठिपका काळा करायचा. एका ठिपक्याला आठ शेजारी. तो स्वतः धरून नऊ ठिकाणी पाहावे लागते. म्हणजे एकाच चित्रासाठी १ कोटी ८६ लाख ६२ हजार ४०० वेळा डोकावणे झाले. दर सेकंदाला ६० चित्रे धरली, तर हा आकडा १११ कोटींच्या पुढे जातो. चौकशी केवळ अंतराची नव्हे, दिशेचीही करायची असेल तर तो दुप्पट होतो. पडदा जितका मोठ्या दर्जाचा, तितका हा खर्च वाढतो. ३,८४० गुणिले २,१६० ठिपक्यांच्या पडद्यावर तो बरोबर चौपट होतो.

याखेरीज कॉमिकच्या रेघेचा एक हट्टी स्वभाव आहे. खऱ्यासारख्या चित्रात कडा जरा खडबडीत राहिली तरी पाने, गवत, धूळ यांच्या गर्दीत ती खपून जाते. पांढऱ्या भिंतीवरची बारीक काळी रेघ मात्र किंचित दातेरी झाली तरी डोळ्याला बोचते आणि चित्र हलताच ती लुकलुकू लागते. ती गुळगुळीत दिसावी म्हणून संगणकाला आणखी एक हात फिरवावा लागतो. अक्षर जितके ठळक, तितकी चूकही ठळक दिसते, तसेच हे आहे.

आता त्या अडखळणाऱ्या घोड्याचे कोडे उलगडते. समजा, त्या घरातील संगणक साधे चित्र काढायला सेकंदाच्या हजार भागांपैकी १५ भाग घेत होता. मर्यादा १६.७ ची, म्हणजे काम वेळेत होत होते. कॉमिकच्या रेघांना आणखी ३ भाग लागले आणि एकूण १८ झाले. वाढ थोडीच झाली. परंतु मर्यादा ओलांडली गेली. तबल्याच्या साथीला गाणाऱ्याची सम अर्ध्या मात्रेने चुकली तरी ती चुकलीच. ‘थोडीशीच चुकली’ असे म्हणून ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही. पडदाही असाच ठेका धरून चालतो. चित्र एका ठेक्यावर तयार नसेल, तर पडदा पहिलेच चित्र पुन्हा दाखवतो आणि नवे चित्र पुढच्या ठेक्याची वाट पाहत राहते. मुले याला ‘लॅग होतो’ म्हणतात. यंत्र बिघडलेले नसते. त्याला नेमून दिलेला वेळ संपलेला असतो.

तथापि, यावरून कॉमिक शैली नेहमी महागच पडते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ती महाग पडेल की स्वस्त, हे तिचा उपयोग केव्हा केला यावर अवलंबून असते.

डहाणू-पालघरच्या पाड्यांवर वारली चित्रे काढतात, तेव्हा गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग एवढेच साहित्य पुरते. चित्रकाराने आरंभीच ठरवलेले असते की रेषा, त्रिकोण आणि वर्तुळे यांतूनच सारे सांगायचे. त्यामुळे बाकीच्या रंगांचा खर्च मुळातच वाचतो. पण एखाद्याने भिंतीला गिलावा केला, वर महागडा रंग दिला, त्यावर हुबेहूब निसर्गचित्र रंगवून घेतले आणि शेवटी त्याच्यावर वारली रेषा ओढल्या, तर त्याला स्वस्त कोण म्हणेल? कळ दाबून येणारे कॉमिक पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचे असते. संगणक आधी खऱ्यासारखे संपूर्ण चित्र काढतो, त्यातील ऊन, सावल्या, पाण्यातील प्रतिबिंबे सारी हिशेबाने मांडतो आणि मग त्यावर रेघा ओढतो. साधेपणा येथे बचतीतून आलेला नसून आणखी खर्च करून आणलेला असतो.

जे खेळ पहिल्यापासूनच या शैलीत कल्पिले गेले, त्यांची गोष्ट निराळी आहे. या शैलीला ‘सेल शेडिंग’ म्हणतात. नावातील ‘सेल’ हा शब्द जुन्या व्यंगपटांतून आला. त्या काळी चित्रकार पारदर्शक तावाच्या पुढच्या बाजूस शाईची रेघ ओढत आणि मागच्या बाजूस सपाट रंग भरत. अशा तावांना सेल म्हणत. २००० साली जपानच्या सेगा कंपनीने काढलेल्या ‘जेट सेट रेडिओ’ या खेळाने ही शैली खेळांच्या जगात गाजवली. २००२ मध्ये जपानमध्येच निन्टेन्डो कंपनीचा ‘द विंड वेकर’ हा खेळ आला. त्याची चित्रे प्रथम दाखवली गेली तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. हे तर लहान मुलांचे कार्टून, असे ते म्हणाले. परंतु त्याच्या समकालीन अनेक खेळांची खऱ्यासारखी म्हणून गाजलेली चित्रे आज जुनाट दिसतात आणि तो समुद्र, त्या लाटा, तो मोठ्या डोळ्यांचा मुलगा मात्र अजून ताजा वाटतो. खऱ्याची नक्कल करणाऱ्याला उद्या अधिक चांगली नक्कल मागे टाकते. ज्याने आपली रेषा स्वतः निवडली, त्याला मागे टाकणे सोपे नसते.

याच्या उलट उदाहरणही आहे. २०२५ मध्ये प्रौढांसाठी ‘बॉर्डरलँड्स ४’ हा खेळ आला. त्याचे रूप कॉमिकचे. तरी तो चालवायला बलवान यंत्रे लागतात. त्यातील रेघा शाईच्या दिसतात, परंतु त्यांच्याखाली दूरवर पसरलेले विशाल जग आणि प्रकाशाचा मोठा हिशेब चाललेला असतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून आतील पानांची संख्या कळत नाही; तशीच चित्राच्या शैलीवरून त्याच्या भाराची कल्पना येत नाही.

मग रेषेची किंमत कमी करण्याचा उपाय कोणता? पुण्यातच घडलेल्या एका कामात त्याचे उत्तर सापडते. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या एका धीट मुलीची ही कथा आहे. संस्थेच्या चित्रकारांनी राजस्थानातील जुन्या वास्तू आणि पहाडी शैलीची लघुचित्रे डोळ्यांसमोर ठेवली आणि भिंती, कमानी, वस्त्रे यांचे रंग हातांनी रंगवले. कथेतील काही प्रसंग तर त्यांनी छायाबाहुल्यांच्या खेळासारखे सादर केले. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कलावंतांनी चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या कला पिढ्यान् पिढ्या जपल्या आहेत. चित्रकथी म्हणजे एकेक चित्र पुढे करीत रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगणे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कॉमिक्स हा शब्द कानावर येण्यापूर्वी कितीतरी आधी महाराष्ट्रात ठळक रेघांच्या चित्रांतून गोष्ट सांगितली जात होती, हे यावरून लक्षात येते.

‘राजी’ हा खेळ सर्वप्रथम निन्टेन्डो स्विच या हातात धरून खेळण्याच्या लहानशा यंत्रावर आला. अशा यंत्रात मोठ्या संगणकाचे बळ नसते. तेथे हाताने रंगवण्याचा गुण कामी येतो. भिंतीच्या कोनाड्यातील काळोख, दगडाच्या कडेवरील उजेड, वस्त्राची घडी हे चित्रकाराने जर रंगातच उतरवून ठेवले, तर यंत्राला ते पुन्हा हिशेबाने शोधून काढावे लागत नाही. तयार रंग जागेवर बसवला की झाले. चित्रकार आठवडाभर झिजतो, पण एकदाच. यंत्राला तेच काम दिले, तर त्याला ते दर सेकंदाला साठ वेळा करावे लागते आणि तेही खेळणाऱ्या प्रत्येकाच्या घरी. वाघेश्वराच्या दगडावर टाकी चालवणाऱ्या कारागिराने जे केले, तेच पडद्यावरचा चित्रकार वेगळ्या साधनाने करतो. किंमत दोन्हीकडे द्यावीच लागते. ती एकदा द्यायची की क्षणोक्षणी, हा प्रश्न उरतो.

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा हा छापखाना निघाला. देवदेवतांची आणि इतिहासातील पुरुषांची रंगीत चित्रे तेथे शिळाछापावर छापली जात आणि घरोघरी भिंतींवर लागत. शिळाछापासाठी चुनखडीचा विशिष्ट गुळगुळीत दगड लागतो. खाणीतला काळा दगड त्या कामी येत नाही. रंगीत चित्र छापायचे तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे. म्हणून चित्रात किती रंग घालायचे याचा विचार आधीच करणे भाग असे. एक रंग वाढवला की एक दगड वाढे आणि प्रत्येक प्रत यंत्राखालून आणखी एकदा जाई. रेघ आणि रंग यांचा जमाखर्च मांडूनच चित्र काढणे, ही गोष्ट या कलेइतकीच जुनी आहे. संगणकाच्या सेटिंगची यादी म्हणजे तोच जमाखर्च. फरक इतकाच की आता तो चित्रकाराबरोबर खेळणाऱ्याच्याही हाती आला आहे.

हाती आलेला हिशेब नीट वापरायला काही साध्या गोष्टी पुरतात. एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि परिणाम पाहावा. चार कळा एकदम दाबल्या तर कोणत्या कळेने काय केले हे कळत नाही. सेकंदाला किती चित्रे निघतात, हा आकडा पुष्कळ खेळांत पडद्याच्या कोपऱ्यात दाखवता येतो. मतापेक्षा त्या आकड्यावर विश्वास ठेवावा. कॉमिकची रेघ हवीच असेल, तर दुसरे काही सोडावे. सावल्यांचा बारकावा किंवा पाण्यातील प्रतिबिंबे कमी केली तर ठळक रेघांच्या चित्रात ती उणीव फारशी जाणवत नाही. कारण तशा चित्रात नजर आकाराकडे असते. ठिपक्यांची संख्या थोडी कमी केली तर वेळ वाचतो, परंतु रेघ दातेरी होते. तेव्हा कोठे थांबायचे ते डोळ्यांनी ठरवावे. सेकंदाला साठऐवजी तीसच चित्रे अशी मर्यादा घालता येते. मग प्रत्येक चित्राला दुप्पट अवधी मिळतो, खेळ एका संथ पण सारख्या लयीत चालतो, यंत्र कमी तापते, पंख्याचा आवाज कमी होतो आणि रात्री त्याच संगणकावर अभ्यास करणाऱ्या ताईची सोय होते. शांत, विचाराच्या खेळाला ही लय पुरते. क्षणात उडी मारावी लागणाऱ्या खेळाला मात्र वेगच हवा; तेथे रेघ सोडावी आणि वेग राखावा.

एवढे करूनही जुने यंत्र न पेलण्याइतका भार काही खेळांत असतोच. ते खेळ त्या यंत्रासाठी नाहीत, हे समजणे म्हणजे हार नव्हे. घरात जे आहे, त्याची शक्ती ओळखून तिच्यातून चांगल्यात चांगले काढणे, ही स्वतंत्र कला आहे. चार खड्यांच्या आणि दोन रेघांच्या पटावर मुलांच्या पिढ्या रमल्या. चित्रकथीचा कलावंत मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात हातातील चित्र पुढे करी आणि ठळक काळी रेघ लांब बसलेल्यालाही दिसे. त्याच्याजवळचा उजेड थोडा होता, म्हणून त्याची रेघ ठळक झाली. मर्यादेने त्याला शैली दिली.

जो खेळ बनवतो आणि जो खेळतो, त्या दोघांनाही हे सारखेच लागू आहे. आज वाघोलीच्या शाळांतून गणिताचा तास कंटाळवाणा मानणारी, पण पडद्यावरची चित्रे डोळे भरून पाहणारी कित्येक मुले आहेत. शेजारच्या ठिपक्याशी तुलना, उजेडाकडे वळलेल्या पृष्ठभागाचा कोन, १६.७ भागांत बसवायचे काम, हे सारे गणितच आहे आणि ते समजले की चित्र अधिक सुंदर दिसू लागते. उद्या त्यांच्यापैकी कोणी स्वतःचा खेळ रचील. त्या वेळी त्याने एक विचार अवश्य करावा. आपण जी रेघ ओढतो आहोत, तिची किंमत कोण देणार आहे? आपण एकदा श्रम करून ती चुकती केली, तर दूरच्या गावातील जुन्या यंत्रावरही ती रेघ उमटेल. ती आपण टाळली, तर तिचा भार खेळणाऱ्याच्या यंत्रावर पडेल आणि ज्याच्याजवळ बलवान यंत्र नाही, तो मुलगा त्या चित्राला मुकेल.